‘बॅक इन’ की ‘बॅक फ्रॉम’? इंग्रजीत ‘इन’, ‘ऑन’, ‘अ‍ॅट’च्या आधी येणारे ते छोटे शब्द

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी मूळची सांगलीची, स्टाफ नर्स. गेली तीन वर्षं इंग्लंडात यॉर्कशरमधल्या एका सर्जिकल वॉर्डात आहे. आयईएलटीएस देऊन आले, वाचायला-लिहायला कधी अडलं नाही. तरी पहिले सहा महिने ड्यूटी बदलताना हँडओव्हर ऐकायला बसले की पोटात गोळा यायचा. रोगांची, औषधांची, ऑपरेशनांची नावं सगळी कळायची. निसटायचे ते ‘बॅक’, ‘जस्ट’, ‘डाऊन’, ‘ओव्हर’, ‘राइट’, ‘अप’ असले चिमुकले शब्द. हे लोक ते ‘इन’, ‘ऑन’, ‘अ‍ॅट’, ‘फ्रॉम’ला चिकटवून इतक्या झपाट्याने बोलतात की दोन्ही मिळून एकच शब्द वाटतो.

दुसऱ्याच आठवड्यातली गोष्ट. एका आजोबांबद्दल सांगितलं गेलं, ‘ही इज बॅक इन थिएटर’. इथे थिएटर म्हणजे ऑपरेशन थिएटर. मी ऐकलं ‘बॅक फ्रॉम थिएटर’. म्हणजे ऑपरेशन होऊन परत आले असणार. मी पलंग तयार केला, ऑक्सिजन तपासला. मुलीचा फोन आला तर तिला म्हटलं, बाबांचं ऑपरेशन झालंय, त्यांना वॉर्डात आणायला माणूस गेलाय. प्रत्यक्षात रक्तस्राव थांबत नव्हता म्हणून त्यांना पुन्हा आत नेलं होतं. पाच मिनिटांत मलाच तिला उलटा फोन करावा लागला. आजोबा पुढे बरे होऊन घरी गेले. पण तिचं ‘तुम्ही तर आत्ताच म्हणालात’ हे वाक्य माझ्या कानातून जात नाही.

दुसरं उदाहरण ‘जस्ट’चं. ‘शी इज जस्ट इन फ्रॉम ए अँड ई’ म्हणजे बाई आत्ताच तातडीच्या विभागातून आल्यात, म्हणजे लगेच जाऊन बघायला हवं. ‘शी इज जस्ट इन फॉर ऑब्झर्व्हेशन’ म्हणजे त्या फक्त देखरेखीसाठी आहेत, घाई नाही. सुरुवात अक्षरशः तीच, ‘जस्ट इन’. पुढच्या ‘फ्रॉम’ आणि ‘फॉर’वरून ‘जस्ट’ म्हणजे ‘आत्ताच’ की ‘फक्त’ ते ठरतं. आणि घाईच्या बोलण्यात ‘फ्रॉम’ आणि ‘फॉर’ दोन्ही अर्धे गिळलेले असतात.

या जोड्यांना काही शिस्त आहे का? की एकेक पाठच करायची? आता सांगलीहून दोघी मैत्रिणी इकडे यायच्या तयारीत आहेत. त्यांच्यासाठी काहीतरी लिहून ठेवावं म्हणते. अनुभव सांगा.

खडूफळा

कृष्णाकाठ ताई, तुम्ही अगदी मर्मावर बोट ठेवलंत. मी एकतीस वर्षं सोलापूर जिल्ह्यात माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवलं. क्रियाविशेषण वेगळ्या धड्यात, शब्दयोगी अव्यय वेगळ्या धड्यात. दोन्ही एकत्र आले की काय होतं हे आमच्या पाठ्यक्रमात कुठेच नव्हतं, आणि मीही ते सलग कधी शिकवलं नाही. याची रुखरुख आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या मुलांच्या वह्यांत मला वर्षानुवर्षं दिसलेली चूक ‘अगदी’ची. मराठीत ‘अगदी गोड’ आणि ‘अगदी समोर’, दोन्हीकडे ‘अगदी’ चालतं. मुलगा ‘अगदी गोड’चं ‘व्हेरी स्वीट’ शिकतो. मग ‘अगदी समोर’चं ‘व्हेरी इन फ्रंट ऑफ’ करतो. त्याच्या दृष्टीने ते तर्कशुद्धच आहे. पण ‘व्हेरी’ला ‘इन’, ‘ऑन’, ‘बिहाइंड’ यांच्या उंबरठ्यावर यायला मज्जाव आहे. तिथे ‘राइट’ लागतो. ‘राइट इन फ्रंट ऑफ द स्कूल’, ‘राइट बिहाइंड यू’, ‘राइट अंडर युअर नोज’. उलट ‘राइट स्वीट’ प्रमाण इंग्रजीत चालत नाही.

‘खूप’ची गतही तीच. ‘खूप आधी’ म्हटलं की मुलं ‘व्हेरी बिफोर’ नाहीतर ‘मच बिफोर’ लिहितात. हे ‘मच बिफोर’ भारतात मोठमोठ्या अधिकाऱ्यांच्या पत्रांतही दिसतं. इंग्रज माणूस ‘लाँग बिफोर’ म्हणेल किंवा ‘वेल बिफोर’. नकारात मात्र ‘नॉट मच बिफोर नाइन’ त्यालाही चालतं.

इंग्रजीला इथे अंतर कसलं आहे ते आधी ठरवावं लागतं. काळाचं असेल तर लांब पल्ल्याला ‘लाँग’, जवळच्याला ‘शॉर्टली’: ‘लाँग आफ्टर द वॉर’, ‘शॉर्टली बिफोर मिडनाइट’. ‘सून आफ्टर’ म्हणतात पण ‘सून बिफोर’ कुणी म्हणत नाही, कारण ‘सून’ची नजर पुढेच असते. खोलीचं असेल तर ‘डीप’: ‘डीप इन द फॉरेस्ट’. उंचीला ‘हाय’: ‘हाय अबव्ह द सिटी’. मर्यादा ओलांडायची किंवा मर्यादेत राहायचं असेल तर ‘वेल’: ‘वेल ओव्हर द लिमिट’, ‘वेल विदिन द बजेट’, ‘वेल पास्ट मिडनाइट’. बोलीत त्याच जागी ‘वे’ येतो, ‘वे ओव्हर बजेट’. पण तो अर्जात लिहू नये.

या ‘वेल’चा ‘चांगलं’शी संबंध काय, असं मुलं विचारत. मी त्यांना आपलं ‘चांगला’ दाखवायचो. ‘पाणी पुलाच्या चांगलं दोन फूट वर होतं’. पूर आला त्यात चांगलं काय होतं? काही नाही. इथे ‘चांगलं’ म्हणजे भरपूर, शंकेला जागा न ठेवता. ‘वेल अबव्ह द ब्रिज’ तेच सांगतं. हे एकदा पटलं की पोरं ‘वेल’ विसरत नसत.

पॉइंटला_उभा

सर, क्रिकेटचं समालोचन लावा, पन्नास षटकांत सगळा धडा होतो. ‘जस्ट शॉर्ट ऑफ अ लेंग्थ’, ‘वेल आउटसाइड ऑफ स्टंप’, ‘हाय ओव्हर मिडविकेट’, ‘स्ट्रेट इंटू द हँड्स ऑफ’. आणि माझं सर्वांत लाडकं, ‘स्ट्रेट बॅक ओव्हर द बोलर्स हेड’.

ह्या शेवटच्यात तीन थर आहेत. ‘ओव्हर द बोलर्स हेड’ म्हणजे गोलंदाजाच्या डोक्यावरून. ‘बॅक’ म्हणजे चेंडू जिकडून आला तिकडेच. ‘स्ट्रेट’ म्हणजे वाट जराही न वाकवता. एकेक थर काढून बघा, वाक्य मोडत नाही, फक्त चित्र पुसट होत जातं. ‘ओव्हर द बोलर्स हेड’ एवढ्यानेही भागेल, पण फटका डोळ्यांसमोर उभा राहणार नाही.

पायचीतच्या निर्णयात तर ‘जस्ट आउटसाइड लेग’ ह्या तीन शब्दांवर माणूस आत की बाहेर ठरतं. टप्पा लेगच्या बाहेर पडला की नाबाद, मग तो केसभर बाहेर असो की वीतभर. नियमाला ‘जस्ट’ आणि ‘वेल’ सारखेच. पण ऐकणाऱ्याला ‘जस्ट’ म्हटलं की धडधडतं.

अनुस्वार

फार चांगला धागा. मी भाषाविज्ञानात एमए केलंय, म्हणून थोडी भर.

शाळेत आपण शिकतो, ‘तो वर गेला’ यात ‘वर’ क्रियाविशेषण अव्यय आणि ‘तो झाडावर चढला’ यात ‘वर’ शब्दयोगी अव्यय. शब्द तोच, अर्थ तोच, फक्त नामाला चिकटला की जात बदलली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण १८३६ सालचं, मोरो केशव दामल्यांचं १९११चं. आपली शब्दांच्या आठ जातींची चौकट इंग्रजी व्याकरणाच्या वळणाने बसलेली आहे, त्यामुळे इंग्रजीची ही अडचणही तिच्याबरोबर आली. ‘ही वेंट अप’ मध्ये ‘अप’ क्रियाविशेषण, ‘ही वेंट अप द हिल’ मध्ये शब्दयोगी.

डेन्मार्कचे भाषापंडित ओटो येस्पर्सन यांनी १९२४ सालीच म्हटलं होतं की ही विभागणी उगाच आहे. क्रियापद कर्म घेवो की न घेवो, क्रियापदच राहतं. मग ‘अप’ने पुढे नाम घेतलं नाही म्हणून त्याची जात का बदलायची? २००२ साली आलेल्या केंब्रिजच्या मोठ्या इंग्रजी व्याकरणाने हीच भूमिका घेतली. ‘बॅक’, ‘अप’, ‘डाऊन’, ‘आउट’ हे सगळे नामाशिवाय उभे राहू शकणारे शब्दयोगीच.

याचा पुरावा म्हणजे वर सरांनी सांगितलेला ‘राइट’. तो ‘राइट क्विकली’ असा साध्या क्रियाविशेषणाला लागत नाही. पण ‘राइट बॅक’, ‘राइट अप’, ‘राइट आउट’ बिनतक्रार होतं, जसं ‘राइट इन द मिडल’ होतं. म्हणजे ‘बॅक’ आणि ‘इन द मिडल’ एका घरातले.

मराठीत अशी कसोटी ‘थेट’ लावतो. ‘थेट वर’, ‘थेट झाडावर’, ‘थेट आत’, ‘थेट माजघरात’ सगळं चालतं. ‘थेट हळूहळू’ म्हणून बघा.

कृष्णाकाठ, तुमच्या कामाचं तात्पर्य एवढंच की थर बहुधा ठरलेल्या क्रमाने येतात. आधी नेमकेपणा किंवा अंतर सांगणारा शब्द, म्हणजे ‘राइट’, ‘जस्ट’, ‘वेल’, ‘स्ट्रेट’. मग दिशा, म्हणजे ‘बॅक’, ‘अप’, ‘डाऊन’, ‘ओव्हर’, ‘आउट’. मग ‘इन’, ‘ऑन’, ‘टु’, ‘फ्रॉम’. शेवटी नाम. ‘राइट बॅक अप टु द टॉप’.

डोलकाठी

मी जहाजावर सव्वीस वर्षं काढली, आता रत्नागिरीत असतो. आमच्याकडे हे शब्द कायद्यात आहेत, म्हणून लिहितो.

समुद्रात टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले आणि १९७७पासून लागू झाले. त्यातल्या सोळाव्या नियमात, ज्या जहाजाने दुसऱ्याला वाट द्यायची आहे त्याने वेळीच आणि ठळक हालचाल करून ‘कीप वेल क्लिअर’ असं म्हटलं आहे. नुसतं ‘क्लिअर’ नाही. घासून गेलात तरी टक्कर झाली नाही, म्हणजे तुम्ही ‘क्लिअर’ होतातच. तेवढं पुरत नाही. समोरच्याला लांबून दिसलं पाहिजे की तुम्ही वाट दिलीत. खडूफळा सर म्हणाले तसं ते ‘चांगलं’ लांबून आहे.

एकविसावा नियम दिव्यांचा. उजव्या बाजूचा हिरवा आणि डाव्या बाजूचा लाल दिवा प्रत्येकी ११२.५ अंशांत दिसावा, ‘फ्रॉम राइट अहेड’ पासून आडव्या रेषेच्या मागे २२.५ अंशांपर्यंत. मागचा पांढरा दिवा १३५ अंशांचा, ‘फ्रॉम राइट अफ्ट’ दोन्हीकडे ६७.५ अंश. बेरीज करून बघा, ३६० भरतात. ह्या ‘राइट अहेड’मधला ‘राइट’ उजवा नव्हे. तो ‘नेमकं नाकासमोर’. नवीन मुलं इथे हमखास गोंधळतात. डाव्या-उजव्यासाठी जहाजावर ‘पोर्ट’ आणि ‘स्टारबोर्ड’ असे वेगळेच शब्द आहेत, त्यामुळे ‘राइट’ नेमकेपणाला मोकळा राहिला.

अजून दोन आमचे खास. ‘फाइन ऑन द पोर्ट बो’ म्हणजे समोरच, पण किंचित डावीकडे. ‘ब्रॉड ऑन द पोर्ट बो’ म्हणजे डावीकडे चांगलंच सरकलेलं, साधारण ४५ अंशांवर. टेहळणीवरच्या माणसाने अंधारात ‘फाइन’ आणि ‘ब्रॉड’ यांत गफलत केली तर ब्रिजवरचा, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीतला, अधिकारी भलत्याच दिशेला दुर्बीण लावतो. मी तरुणपणी ही गफलत केली आहे. ती एक मच्छीमार होडी होती, वेळेत दिसली. त्यानंतर मी हे शब्द कधीच घाईत बोललो नाही.

कृष्णाकाठ

कॅप्टन, अंगावर काटा आला. सर, अनुस्वार, खूप आभार. दोन गोष्टी लगेच सांगते.

पहिली, ‘राइट’ची. इथे यॉर्कशरमध्ये लोक सर्रास ‘इट्स राइट कोल्ड टुडे’ म्हणतात. म्हणजे ‘अगदी गार’. आमच्या वॉर्डातल्या मावशी म्हणण्यासारख्या वयाच्या एक हेल्थकेअर असिस्टंट आहेत, त्या चहा देताना ‘दॅट्स अ राइट गुड कप ऑफ टी’ म्हणतात. सर, तुम्ही चूक म्हणालात ते इथे जिवंत आहे! म्हणजे ह्यांचा ‘राइट’ पुरा आपल्या ‘अगदी’सारखाच चालतो.

दुसरी गोष्ट म्हणजे रात्री वहीत मी आजीची वाक्यं लिहायला बसले, आणि मला हसू आलं. ‘अगं, आत माजघरात बघ.’ ‘वर माळ्यावर ठेवलंय.’ ‘खाली अंगणात पोरं खेळतायत.’ ‘पलीकडे काकूंकडे दे नेऊन.’ आपण तर जन्मभर हेच बोलतोय! माजघरात म्हटल्यावर ‘आत’ कशाला? माळा काय खाली असतो? पण आजी ‘आत’ म्हणाली की ती स्वतः बाहेर ओसरीवर बसलीय हे कळतं. बोलणारा कुठे उभा आहे ते त्या शब्दात असतं. ‘शी इज डाऊन इन एक्स-रे’ मध्ये ‘डाऊन’ हेच करतो. एक्स-रे तळमजल्यावर आहे, आम्ही तिसऱ्यावर. तळमजल्यावरची नर्स कधीच ‘डाऊन’ म्हणणार नाही.

आणि ‘बॅक इन २०१९’! ते मी ‘परत २०१९मध्ये’ असं मनात उलटवायचे आणि अडकायचे. आमच्याकडे कृष्णेला मोठा पूर आला तो २०१९च्या ऑगस्टात. घरी कुणीही म्हणतं, ‘मागे २०१९च्या पुरात पाणी इथपर्यंत आलं होतं.’ ते ‘मागे’ म्हणजेच ‘बॅक’. शब्दाला शब्द.

अप_डाऊन

मी डोंबिवलीकर, त्यामुळे आयडीवरूनच माझा अधिकार सिद्ध होतो.

‘वर’, ‘खाली’ नेहमी उंचीचं नसतं. ब्रिटनमध्ये रेल्वेची लंडनकडे जाणारी दिशा ‘अप’, लंडनपासून दूर जाणारी ‘डाऊन’. तीच पद्धत इकडे आली. आमच्या लोकलला सीएसएमटीकडे जाणारी ‘अप’, कल्याण-कर्जतकडे जाणारी ‘डाऊन’. मुंबईहून पुण्याला निघालेली गाडी बोरघाट धापा टाकत चढते, मागून बँकर इंजिनं ढकलतात, आणि कागदोपत्री ती ‘डाऊन’ असते.

आपल्याकडे माझी सातारची आत्या ‘खाली कोकणात’ म्हणते आणि चिपळूणचे मामा ‘वर घाटावर’ म्हणतात. तिथे खरोखरच चढउतार आहे. पण मामा मुंबईलाही ‘वर मुंबईला’ म्हणतात! चिपळूण आणि मुंबईच्या उंचीत कसला फरक? तो नकाशाचा किंवा मानाचा ‘वर’ आहे. ताई, तुमच्याकडचे लोक लंडनला कसे जातात, अप की डाऊन?

कृष्णाकाठ

‘डाऊन टु लंडन’, ‘डाऊन साउथ’. नकाशावर लंडन आमच्या खाली आहे ना. फक्त एका म्हाताऱ्या पेशंटने, रेल्वेत नोकरी केलेल्या, ‘अप टु लंडन’ म्हटलेलं ऐकलंय. आता त्याचं कारण कळलं!

खडूफळा

सगळं वाचून आनंद झाला, पण एक इशारा द्यावासा वाटतो. मराठीवरून इंग्रजीत उडी मारताना सगळीकडे पूल नाही. ‘आज सकाळी’ हे बघा. काळ सांगणारं क्रियाविशेषण आणि त्यापुढे ‘सकाळी’, म्हणजे आपल्या चर्चेतलीच जोडी. त्याचं शब्दशः ‘टुडे मॉर्निंग’ होतं आणि ते आपल्याकडे घराघरांत रुजलंय. तिकडे ‘धिस मॉर्निंग’. ‘काल रात्री’चं ‘यस्टरडे नाइट’ नाही, ‘लास्ट नाइट’. ‘उद्या सकाळी’ला मात्र ‘टुमॉरो मॉर्निंग’ चालतं! ह्यात तर्क शोधू नये, सवय लावावी. म्हणून मी वर्गात भाषांतराला फार थारा देत नसे.

अनुस्वार

सर, आदर ठेवून असहमत. भाषांतरामुळे ‘टुडे मॉर्निंग’ आलं हे खरं. पण कृष्णाकाठना ‘बॅक इन’ कळलं ते आजीच्या ‘मागे’मुळे, नियमामुळे नाही. शब्दाला शब्द ठेवणं आणि रचनेला रचना ताडून पाहणं यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकाराला वर्गात जागा हवी.

एक सुंदर उदाहरण देतो. ‘फ्रॉम अंडर द बेड’. मुलांना वाटतं दोन शब्दयोगी एकापुढे एक कसे? आपल्याकडे ‘पलंगाखालून’. पलंग, मग खाली, मग ‘ऊन’ हा प्रत्यय. इंग्रजीत ऊन, मग खाली, मग पलंग. आरशातलं प्रतिबिंब. ‘फ्रॉम बिहाइंड’ म्हणजे ‘मागून’, ‘फ्रॉम इनसाइड’ म्हणजे ‘आतून’. गंमत म्हणजे ‘अगदी’ या आरशात उलटत नाही. ‘राइट फ्रॉम अंडर द बेड’, ‘अगदी पलंगाखालून’. दोन्हीकडे तो दाराशीच उभा.

खडूफळा

‘पलंगाखालून’चं उदाहरण मला तीस वर्षांपूर्वी मिळायला हवं होतं. मान्य.

हळदीची_वाफ

मी रोज ऑफिसच्या मेलमध्ये ‘लुकिंग फॉरवर्ड टु मीट यू’ लिहिते आणि साहेब रोज ‘मीटिंग’ करून परत पाठवतात. ह्याच धाग्यात बसतं का? आणि ‘लॉग इन टु’ की ‘लॉग इंटू’?

अनुस्वार

बसतं. ‘फॉरवर्ड’ दिशा दाखवतो, ‘टु’ त्याच्या पुढचा शब्दयोगी. हा ‘टु गो’, ‘टु ईट’मधला ‘टु’ नव्हे. शब्दयोगीला पुढे नाम लागतं, म्हणून ‘मीटिंग’. पडताळा सोपा आहे. तिथे साधं नाम ठेवून बघा. ‘लुकिंग फॉरवर्ड टु दिवाळी’ बसतं ना? मग क्रियापदाचंही नाम करायचं. आपणही ‘भेटण्याची वाट पाहते’ म्हणतो, ‘भेट वाट पाहते’ म्हणत नाही.

‘लॉग इन’ ही क्रिया, ‘टु द सिस्टिम’ हे ठिकाण, म्हणून ‘इन टु’ सुटं लिहिणं काटेकोर. ‘ही टर्न्ड हिमसेल्फ इन टु द पोलीस’ हे सुटं लिहिलं तर तो पोलिसांच्या स्वाधीन झाला. जोडून लिहिलं तर तो स्वतःच पोलीस बनला.

आणखी एक जोडी सांगतो. ‘ही रॅन अप अ हिल’ आणि ‘ही रॅन अप अ बिल’. कानाला सारखीच. पहिल्यात ‘राइट अप अ हिल’ म्हणता येतं, कारण ‘अप अ हिल’ ही खरी जागा आहे. दुसऱ्यात ‘राइट’ घुसत नाही. तिथे ‘रन अप’ हेच एक क्रियापद आहे, उधारी वाढवत नेणं.

पॉइंटला_उभा

मला ‘ऐन’ आणि ‘भर’बद्दल लिहायचंय. कुणी आणलेच नाहीत! ‘ऐन पावसात’, ‘ऐन वेळी’, ‘ऐन मोक्याला’. ‘भर दुपारी’, ‘भर चौकात’, ‘भर सभेत’. इंग्रजीत यांना काय म्हणायचं? ‘राइट इन द मिडल ऑफ द मीटिंग’ने ‘भर सभेत’ची लाज पोचत नाही हो.

अनुस्वार

नाही पोचत. ‘भर’ला साक्षीदार लागतात किंवा पूर्णत्व लागतं. सभा भरलेली, दुपार भरलेली. ‘ऐन’ अरबीतून आलाय, मुळात डोळा, म्हणून नेमकं तेच. ‘बरोबर’ फारसीतला. इंग्रजीचा ‘राइट’ मुळात ‘सरळ’ या अर्थाचा. प्रत्येक भाषेने नेमकेपणासाठी वेगळी वस्तू उचलली.

‘भर चौकात’च्या थोडं जवळ जाणारे बोलीतले शब्द ‘स्मॅक’ आणि ‘बँग’. ‘स्मॅक इन द मिडल ऑफ द रोड’, ‘बँग ऑन टाइम’. हे आवाजाचे शब्द आहेत, आपल्या ‘सपकन गालावर’, ‘धाडकन दारावर’सारखे. आवाज आधी, जागा मागून.

डोलकाठी

ताई, उच्चाराबद्दल एक सांगतो, तुमच्या मैत्रिणींना उपयोगी पडेल. आपण ‘बॅक’, ‘इन’, ‘टु’ सगळ्यांवर सारखा जोर देतो. इंग्रज जोर देतो तो पहिल्या थरावर. ‘बॅक’ ठसठशीत, ‘टु’ जेमतेम ‘ट’. ‘ओव्हर अ‍ॅट’चं ‘ओव्हरॅट’, ‘आउट ऑफ’चं ‘आउटा’, ‘अप इन’चं ‘अपिन’. म्हणून आपल्याला ‘बॅक’ ऐकू येतो आणि पुढचा शब्द आपण आपल्या मनाने भरतो. तुमची चूक तिथे झाली. जहाजावर आम्ही त्यावर एकच इलाज करतो, ऐकलेला हुकूम जसाच्या तसा मोठ्याने परत म्हणायचा. ‘हार्ड अ पोर्ट’ असा हुकूम आला की सुकाणूवरचा माणूस ‘हार्ड अ पोर्ट’ म्हणतो आणि मगच चाक फिरवतो. त्यात कमीपणा नाही.

कृष्णाकाठ

कॅप्टन, काल रात्रपाळीला तेच केलं. चार्ज नर्स म्हणाली, ‘शी इज जस्ट बॅक अप ऑन द वॉर्ड फ्रॉम डाऊन इन एक्स-रे, बट शी इज गोइंग स्ट्रेट बॅक डाऊन टु थिएटर’. पहिल्या सहा महिन्यांत माझा श्वास अडकला असता. काल मी मनात आजीला बसवलं. ‘आत्ताच परत वर वॉर्डात आलीय, खाली एक्स-रेतून, पण लगेच थेट परत खाली थिएटरला जायचीय.’ मग मोठ्याने विचारलं, ‘बॅक टु थिएटर, नॉट बॅक फ्रॉम?’ ती म्हणाली, ‘बॅक टु’. मी पेशंटच्या नवऱ्याला फोन लावला.

मैत्रिणींसाठीची वही सुरू केलीय. पहिल्या पानावर ‘आत माजघरात’ लिहिलंय.